के-ड्रामातलं तरुण आयुष्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरियन मालिकेतली प्रेमकथा कुणालाही कळते. अडतं ते दुसरीकडेच: नायिका वय चुकीचं का सांगते, घरमालकाला एवढे पैसे का द्यावे लागतात, नोकरी लागूनही नायक रडतो का. या तीन गोष्टी (वय, घर आणि नोकरीचा प्रकार) सबटायटलमध्ये एका शब्दात उरकलेल्या असतात आणि कथा नेमकी त्यांच्यावर उभी असते. खालची उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. कुठल्याही मालिकेचा शेवट फोडलेला नाही.

१. या मालिका १६ भागांतच का संपतात? आणि एकाच मालिकेचे कुठे १६ तर कुठे ३२ भाग का दाखवतात?

आठवड्याला दोन भाग आणि आठ आठवडे, म्हणजे १६. सोम-मंगळ, बुध-गुरू, शुक्र-शनी, शनी-रवी अशा ठरलेल्या जोड्या असतात आणि एक भाग साधारण ६० ते ८० मिनिटांचा असतो. आपल्या संध्याकाळच्या मालिकांसारखं लांबण लावणारं काही तिथे नसतंच असं मात्र नाही. रोज लागणाऱ्या मालिका शंभराच्या पुढे जातात आणि केबीएसच्या शनिवार-रविवारच्या कौटुंबिक मालिका पन्नाशी गाठतात. त्या आपल्याकडे कमी पोहोचतात एवढंच.

१६ आणि ३२ चा घोळ जाहिरातींमुळे झाला. केबीएस, एमबीसी, एसबीएस या वाहिन्यांना भागाच्या मध्ये जाहिरात दाखवायची परवानगी नव्हती. म्हणून २०१७ पासून त्यांनी एकाच भागाचे 'पहिला' आणि 'दुसरा' असे अर्ध्या तासाचे दोन तुकडे केले आणि मधल्या फटीत जाहिराती घातल्या. जुलै २०२१ मध्ये मधल्या जाहिरातींना परवानगी मिळाली आणि या युक्तीची गरज संपली. टीव्हीएन, जेटीबीसी या केबल वाहिन्यांना तो नियम लागू नव्हता. मजकूर दोन्हीकडे तेवढाच असतो, तुमचं काही बघायचं राहिलेलं नाही.

२. जन्मसाल बघता नायिका २७ ची, पण ती स्वतःला २९ ची म्हणवते. भाषांतर चुकलं का?

भाषांतर बरोबर आहे, मोजायची पद्धत वेगळी आहे. कोरियन पद्धतीत मूल जन्मतं तेच एक वर्षाचं आणि पुढे दर १ जानेवारीला सगळ्यांचं वय एकदम एकाने वाढतं. वाढदिवसाचा त्याच्याशी संबंध नाही. ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं.

समजा जन्म १५ डिसेंबर २००० चा आणि आज मार्च २०२५ आहे.
- आपल्या हिशेबाने: २४
- नुसतं साल वजा साल: २५
- कोरियन वय: २६

म्हणून मालिकेतलं वय ऐकलं की त्यातून एक वजा करा आणि त्या वर्षीचा वाढदिवस अजून यायचा असेल तर दोन. 'तिशी आली' म्हणून हातपाय गाळून बसलेली पात्रं आपल्या मोजणीत २८-२९ चीच असतात. हे लक्षात ठेवलं की 'लग्नाचं काय' हा दबाव आपल्या घरांपेक्षा फार उशिरा सुरू होतो, हा समजही थोडा सैल होतो.

३. ही पद्धत कायद्याने बंद झाली ना? मग नव्या मालिकांतही तोच हिशेब का?

२८ जून २०२३ पासून सरकारी आणि कायदेशीर कामांत आंतरराष्ट्रीय वयच धरतात. पण बोलण्यातली सवय कायद्याने जात नाही. शिवाय काही ठिकाणी 'साल वजा साल' हाच हिशेब मुद्दाम ठेवला आहे: शाळाप्रवेश, सैन्यभरती, दारू आणि सिगारेट. ज्या वर्षी १९ पूर्ण होणार, त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून दारू विकत घेता येते. म्हणूनच ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजता ओळखपत्र हातात धरून बारच्या दारात उभी राहिलेली बारावीची पोरं मालिकांत दिसतात. सगळा वर्ग एकाच क्षणी सज्ञान होतो!

एक अवघड अपवाद जुन्या पात्रांबाबत येतो. पूर्वी जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्या मुलांना आधीच्या सालच्या मुलांबरोबर शाळेत घालता येत असे. २००२ चे जन्म ही या सवलतीची शेवटची तुकडी. असं पात्र साल बघितलं तर लहान, वर्गमित्र बघितले तर बरोबरीचं. 'तू मला दादा म्हणायचं की नाही' यावर दोन पुरुष गंभीरपणे भांडताना दिसले की कारण बहुधा हेच असतं.

४. ओप्पा, ह्यंग, नूना, ऑन्नी, सनबे: कोण कुणाला काय म्हणतं?

बोलणारा कोण यावर शब्द बदलतो. बाई मोठ्या पुरुषाला ओप्पा म्हणते आणि मोठ्या बाईला ऑन्नी. पुरुष मोठ्या पुरुषाला ह्यंग म्हणतो आणि मोठ्या बाईला नूना. सनबे म्हणजे शाळा-कॉलेजात किंवा नोकरीत आपल्या आधी आलेला, हूबे म्हणजे मागून आलेला. 'चिंगू' याचं भाषांतर 'मित्र' होतं खरं, पण तो शब्द मुळात समवयस्कालाच लागतो. पाच वर्षांनी मोठा जिवलग असला तरी तो चिंगू नव्हे, ह्यंगच.

ओप्पाला 'दादा' म्हणून समजून घेतलं तर निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं आपल्याकडे बसत नाही, कारण तिथे प्रियकरालाही ओप्पाच म्हणतात आणि आपल्याकडे दादा म्हटलं की विषय तिथेच संपतो. एक बारकी खूण ध्यानात ठेवा. आजवर 'सनबे' म्हणणारी मुलगी पहिल्यांदा 'ओप्पा' म्हणते, किंवा आजवर 'नूना' म्हणणारा मुलगा अचानक नुसत्या नावाने हाक मारतो, तो प्रसंग लेखकाने कबुलीच्या तोडीचा म्हणून रचलेला असतो. सबटायटलमध्ये दोन्ही वेळा फक्त नाव दिसतं.

५. 'आपण आता मोकळं बोलूया' असं म्हणून दोघं लाजतात. नेमकं काय बदलतं?

इथे मराठी माणसाला इंग्रजी सबटायटलपेक्षा आपली भाषा जास्त उपयोगी पडते. कोरियनमध्ये आदरार्थी बोलणं म्हणजे जोनदेनमल आणि अरे-तुरेचं बोलणं म्हणजे बानमल. तो प्रश्न खरं तर असा असतो: 'आता अहो-जाहो सोडून अरे-तुरे केलं तर चालेल?' इंग्रजीत दोन्हीकडे एकच 'यू' असल्याने त्या वाक्याचा जीव जातो.

कान तयार करायचा असेल तर दहा मिनिटं सबटायटल झाका आणि फक्त वाक्याचा शेवट ऐका. शेवटी 'यो' आला तर रोजचा आदर. 'निदा' किंवा 'निका' आला तर औपचारिक: ऑफिस, सैन्य, बातम्या. काहीच न येता वाक्य तुटलं तर बानमल. चार-पाच भागांत हे आपोआप ऐकू यायला लागतं आणि मग कोण कुणाशी कधी पायरी सोडून बोललं ते तुम्हाला सबटायटलच्या आधी कळतं.

उलटा प्रवासही होतो. अरे-तुरे करणारं जोडपं भांडणात एकदम अहो-जाहोवर गेलं तर तो दुरावा असतो. चिडलेली आई मुलाला 'या साहेब, उगवलात का?' म्हणते त्याच जातीचा. आणखी एक फसवा शब्द 'दांगशिन'. नवरा-बायकोत तो आपुलकीचा. रस्त्यावर अनोळखी माणसाला म्हटला तर भांडणाला आमंत्रण.

६. बारावीच्या परीक्षेसाठी विमानं थांबवतात, हे नाटकी वाटतं. खरं आहे का?

खरं आहे. सुनुंग ही विद्यापीठ प्रवेशाची देशव्यापी परीक्षा नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी, एकाच दिवशी होते. सकाळी ८:४० ला पहिला पेपर आणि संपता संपता संध्याकाळ. दुपारी इंग्रजी ऐकण्याची चाचणी असते तेव्हा सुमारे ३५ मिनिटं देशभर विमानांचं उड्डाण आणि उतरणं बंद ठेवतात. रस्ते मोकळे राहावेत म्हणून कचेऱ्या आणि शेअर बाजार तासभर उशिरा उघडतात. उशीर झालेल्या मुलाला पोलीस गाडीतून सोडतात, हे दृश्यही काल्पनिक नाही.

आपण दही-साखर देतो तसं तिथे चिकट 'यॉत' ही मिठाई देतात, म्हणजे प्रवेश चिकटावा. समुद्री शेवाळाचं सूप त्या दिवशी टाळतात, कारण ते बुळबुळीत आणि बुळबुळीत म्हणजे घसरणं. तेच सूप वाढदिवसाला मात्र हटकून करतात, कारण बाळंतिणीला ते देतात आणि वाढदिवस हा आईच्या त्या दिवसांची आठवण मानला जातो. कुणी वाढदिवसाला एकटंच ते सूप गरम करून खाताना दिसलं तर दिग्दर्शकाला काय सांगायचंय ते कळलं असेल.

मनासारखे गुण नाही मिळाले तर वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देतात, त्याला 'जेसू' म्हणतात. हे लाजिरवाणं नसतं, पण त्या मुलाचे वर्गमित्र त्याचे सनबे होऊन बसतात (प्र. ४).

७. नोर्यांगजिन हे नाव सारखं येतं. तिथे काय आहे?

एका वाक्यात: सोलची सदाशिव पेठ. सरकारी नोकरीच्या परीक्षांचे क्लास, अभ्यासिका, छोट्या खोल्या आणि स्वस्त खाणं. पुण्यात एमपीएससीची पोरं मेसच्या डब्यावर वर्षं काढतात तशी तिथली पोरं 'कपबाप'वर काढतात. कपात भात, वर अंडं, किमची, मांसाचे तुकडे, आणि टपरीसमोर उभ्याउभ्या पाच मिनिटांत जेवण आटोपायचं. बहुतेकांचं लक्ष्य नवव्या श्रेणीची, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीची पण कायम नोकरी असतं. 'एवढं शिकून एवढी छोटी नोकरी?' या प्रश्नाचं उत्तर प्र. ११ मध्ये आहे.

८. सैन्यात किती काळ जावं लागतं? परत आलेला मुलगा वर्गात सगळ्यांपेक्षा मोठा का दिसतो?

भूदल आणि मरीन १८ महिने, नौदल २०, हवाई दल २१. बहुतेक मुलं विद्यापीठाचं पहिलं किंवा दुसरं वर्ष झालं की जातात आणि परत येऊन उरलेली वर्षं पूर्ण करतात. अशा परतलेल्याला 'बोकहाकसेंग' म्हणतात. त्यामुळे एकाच बॅचची मुलगी नोकरीला लागते तेव्हा मुलगा अजून शिकत असतो. विद्यार्थी जोडप्यांचे निम्मे ताटातुटीचे प्रसंग या कॅलेंडरवरच बेतलेले असतात.

वाट बघणाऱ्या मैत्रिणीला 'गोमुशिन' म्हणजे रबरी चपला म्हणतात, आणि ती सोडून गेली तर 'तिने चपला उलट्या घातल्या'. सबटायटलमध्ये नुसतं 'तिने त्याला सोडलं' येतं.

जुन्या काळातल्या कथेला आजचे आकडे लावू नका. १९९८ च्या सुमाराला भूदलाची सेवा २६ महिन्यांची होती, २००३ पासून २४, आणि ती १८ वर यायला २०२० उजाडलं. कामाचे तास संपल्यावर बराकीत मोबाईल वापरायची मुभाही अलीकडची. आधीच्या कथांतली पत्रं आणि फोनच्या रांगा म्हणूनच खऱ्या वाटतात.

९. जॉन्से म्हणजे काय? भाडं नाही, मग घरमालकाचा फायदा काय?

मुंबईकरांना हे एका शब्दात समजतं: हेवी डिपॉझिट. घराच्या किमतीच्या साधारण ५० ते ८० टक्के रक्कम एकरकमी मालकाकडे ठेवायची, दोन वर्षं बिनभाड्याने राहायचं, जाताना पूर्ण रक्कम परत घ्यायची. मालक तो पैसा बँकेत ठेवतो किंवा त्यात भर घालून दुसरं घर घेतो. मुंबईत हा मार्ग थोडेजण धरतात, तिथे तो पिढ्यान्‌पिढ्या मध्यमवर्गाचा हमरस्ता होता.

दुसरा प्रकार वोल्से: थोडी अनामत आणि दरमहा भाडं. मालिकेत दलाल 'हजार, साठ' असं काही बोलतो. त्याचा अर्थ अनामत हजार 'मान' आणि भाडं साठ मान. एक मान म्हणजे दहा हजार वॉन. म्हणजे अनामत १ कोटी वॉन आणि भाडं ६ लाख वॉन. साधारण १६ वॉनला एक रुपया धरला तर सहा लाखांच्या वर अनामत आणि ३७-३८ हजार भाडं. अनामत वाढवली की भाडं कमी होतं, घासाघीस त्यावरच चालते.

पैसा अडकतो कुठे, ते पाहा. भाडेकरूने करायच्या गोष्टी क्रमाने अशा:

1. घराचा नोंदणी-उतारा काढून त्यावर आधीच कर्जाचा बोजा आहे का ते बघायचं.
2. कराराच्या वेळी साधारण १० टक्के द्यायचे, बाकी राहायला जायच्या दिवशी.
3. त्याच दिवशी वस्तीच्या सरकारी कार्यालयात पत्ता बदलाची नोंद करायची आणि करारावर तारखेचा शिक्का घ्यायचा.

तिसऱ्या पायरीत खाच आहे. पत्त्याच्या नोंदीने मिळणारं संरक्षण त्याच क्षणी नव्हे, तर त्या रात्री बारा वाजता दुसरा दिवस सुरू झाल्यावर लागू होतं. लबाड मालक त्याच दुपारी घरावर कर्ज काढतो. बँकेचा हक्क आधी लागतो, भाडेकरू मागे पडतो. दुसरा धोका 'रिकाम्या डब्या'चा: घराचा भाव उतरून अनामतीच्याही खाली जातो आणि मालकाकडे परत द्यायला काही उरत नाही. २०२२-२३ मध्ये अशी प्रकरणं इतकी झाली की जून २०२३ मध्ये पीडितांसाठी खास कायदा करावा लागला. त्यानंतरच्या मालिकांत 'अनामत बुडाली' एवढं एक वाक्य आलं, तरी तिथल्या प्रेक्षकाला पुढचं सांगावं लागत नाही. अनेकदा ती अनामतही बँकेचं कर्ज काढून भरलेली असते. म्हणजे घर गेलं आणि हप्ते राहिले.

'बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ' (२०१७) मधलं कराराचं लग्न हे हिशेब डोक्यात ठेवून बघा. नायक घराच्या हप्त्यांनी बांधलेला, नायिकेला डोक्यावर छप्पर हवंय. ही विनोदी कल्पना वाटत असेल तर हे उत्तर पुन्हा वाचा.

१०. गच्चीवरची खोली तर किती छान दिसते! गरीब पात्रं तिथे का राहतात?

रात्री दिव्यांचा देखावा आणि लाकडी ओटा दिसतो म्हणून छान. 'ओक्तापबांग' म्हणजे इमारतीच्या डोक्यावर बांधलेली खोली, पुष्कळदा परवानगीशिवाय वाढवलेली. उन्हाळ्यात स्लॅब तापतो, हिवाळ्यात पाइप गोठतात, लिफ्ट नसते. मालिकांनी सर्वांत जास्त गोड करून दाखवलेली वस्तू कोणती विचाराल तर हीच.

'बांजीहा' म्हणजे अर्धं तळघर, खिडकी रस्त्याच्या पातळीला. १९७० मध्ये युद्धाच्या भीतीने इमारतींना तळघर सक्तीचं केलं, पुढे घरं अपुरी पडली तेव्हा तिथे राहायला परवानगी मिळाली. ओल, बुरशी आणि पावसात पाणी शिरणं ही तिथली रोजची दुखणी.

'गोशीवॉन' मूळची परीक्षार्थींची खोली. पलंग, टेबल आणि त्या दोन्हींच्या मधली जागा एवढाच तिचा विस्तार. खिडकी असेल तर भाडं जास्त. मोठी अनामत लागत नाही हाच तिचा मुख्य गुण. सामाईक स्वयंपाकघरात भात आणि किमची बहुधा फुकट. घर 'सहा प्यांग' वगैरे म्हणाले तर एक प्यांग म्हणजे सुमारे ३.३ चौरस मीटर, आपले साडेपस्तीस चौरस फूट. सहा प्यांग म्हणजे २१३ चौरस फूट, एक वनरूम.

आणि शहरात घर परवडत नाही म्हणून लांब राहणाऱ्यांची कथा हवी असेल तर 'माय लिबरेशन नोट्स' (२०२२). सोलबाहेरच्या ग्योंगी प्रांतातून रोज ये-जा करणारी तीन भावंडं आहेत. बदलापूर-विरारच्या वाचकांना त्यांचा थकवा समजावून सांगायला नको.

११. नोकरी लागली तरी नायक खूश का नसतो? इंटर्न, कंत्राटी, कायम यांत एवढा काय फरक?

एकाच टेबलावर, एकच काम, पण ओळखपत्र वेगळं. 'जोंग्यूजिक' म्हणजे कायम कर्मचारी: वाढ, बोनस, घरकर्जाला लागणारी पत. 'ग्येयाकजिक' म्हणजे मुदतीचा करार. २००७ पासूनच्या कायद्याप्रमाणे कंत्राटी माणसाला दोन वर्षांच्या पुढे ठेवलं तर त्याला कायम मानावं लागतं. कायदा त्याच्या भल्याचा. कंपन्यांनी काढलेली पळवाट अशी की दोन वर्षं भरायच्या आत करार संपवायचा. म्हणून 'तेवीस महिने झाले' हे वाक्य ऐकलं की श्वास रोखून धरावा.

'मीसेंग' (२०१४, २० भाग) ही याच विषयावरची मालिका. बादुकचा, म्हणजे गो या पटावरच्या खेळाचा व्यावसायिक खेळाडू होऊ न शकलेला मुलगा व्यापारी कंपनीत इंटर्न म्हणून जातो. मीसेंग म्हणजे पटावरची अशी सोंगटी जी मेलेली नाही आणि अजून जगलेलीही नाही. सरकारने त्याच वर्षी कंत्राटाची मुदत वाढवायचा प्रस्ताव आणला तेव्हा लोकांनी त्याला नायकाचं, जांग ग्रेचं, नाव दिलं. मुदत वाढण्याला भलं म्हणायचं की वाईट यावर तेव्हा बरीच खडाजंगी झाली.

पदांची उतरंड पाठ असेल तर ऑफिसातली दृश्यं सोपी होतात: सावॉन, देरी, ग्वाजांग, चाजांग, बूजांग, खालून वर. 'आता देरी झाले' म्हणजे साधारण तीन-चार वर्षं काढली.

१२. दुकानात काम करणाऱ्या पोरांना आठवड्याला चौदाच तास का मिळतात?

अर्धवेळ कामाला 'अल्बा' म्हणतात (मूळ जर्मन शब्द आर्बाइट). २०२५ चं किमान वेतन ताशी १०,०३० वॉन. आठवड्याला १५ तास किंवा जास्त काम केलं तर एका सुट्टीचा पगार मालकाने द्यायचा, असा नियम आहे. म्हणून मालक १४ तासांवर थांबवतो आणि पोरं दोन-तीन दुकानं जोडून आठवडा भरतात. पूर्ण वेळ केलं तर त्या सुट्टीसह महिन्याचे २०९ तास धरतात, म्हणजे २०,९६,२७० वॉन. प्र. ९ मधलं भाडं यातून वजा करून बघा.

१३. ऑफिसची पार्टी नाकारता येत नाही का? आणि दारू पिताना तोंड का फिरवतात?

मोठ्यासमोर पिताना मान बाजूला वळवणं, दोन हातांनी ओतणं आणि घेणं, स्वतःचा प्याला स्वतः न भरणं, हे शिष्टाचार. 'होयशिक' म्हणजे ऑफिसचं सामूहिक जेवण. पहिली जागा 'इल्चा', दुसरी 'ईचा', तिसरी 'साम्चा', बहुधा गाण्याची खोली. पूर्वी ते टाळणं म्हणजे बढती टाळणं. २०१८ पासून टप्प्याटप्प्याने आठवड्याला ५२ तासांची (४० अधिक १२) मर्यादा आली, २०१९ मध्ये कार्यालयीन छळाविरुद्धचा कायदा आला. आता सक्ती उघड करता येत नाही. नव्या मालिकांत तरुण पात्रं 'मला जायचंय' म्हणून उठतात आणि म्हाताऱ्या बूजांगचं तोंड पडतं, तो विनोद इथला.

सोजू या तिथल्या दारूची हिरवी बाटली ३६० मिलीची, प्याला साधारण ५० मिलीचा, म्हणजे सात प्याले. दोघांत तीन-तीन झाले की एक उरतो, तिघांत दोन-दोन झाले की एक उरतो. दुसरी बाटली मागवावी म्हणून हे मुद्दाम केलंय, असा तिथला जुना विनोद आहे.

१४. 'आजपासून पहिला दिवस' म्हणजे काय? शंभरावा दिवस कसा मोजतात?

कबुली (गोबेक) झाली, समोरच्याने हो म्हटलं, की नातं सुरू झाल्याचं दोघं मिळून जाहीर करतात आणि तोच दिवस क्रमांक एक धरतात. मोजताना चूक इथेच होते. १ मार्चला सुरुवात केली तर शंभरावा दिवस ८ जून, ९ नव्हे. त्याआधीच्या अर्धवट काळाला 'सम' म्हणतात, जेव्हा रोज बोलणं होतं पण कुणी काही कबूल करत नाही. रात्री दारात 'रामेन खाऊन जाणार?' असं विचारलं तर विषय रामेनचा नसतो.

१५. पगार नाही म्हणणारी नायिका रोज नवा कोट कशी घालते?

प्रायोजक. २०१० पासून कार्यक्रमांत पैसे घेऊन वस्तू दाखवायला परवानगी आहे. सर्वसाधारण वाहिन्यांवर ही जाहिरात आधी भागाच्या वेळेच्या ५ टक्क्यांपर्यंत चालायची, २०२१ पासून ७ टक्क्यांपर्यंत, आणि ती पडद्याच्या पाव भागाहून मोठी नाही. म्हणून पात्रं सारखी त्याच सँडविचच्या दुकानात भेटतात. कपडे, फोन आणि घराचा आकार यांवरून आर्थिक परिस्थिती ओळखू नका. त्यासाठी भाड्याचा प्रकार (प्र. ९) आणि ओळखपत्र (प्र. ११) बघा, तिथे लेखक सहसा खोटं बोलत नाहीत.

१६. दुकानातला त्रिकोणी भात ते इतक्या झटक्यात कसा उघडतात? इथे आणला तर शेवाळाचा कागद प्लास्टिकातच अडकतो.

क्रम चुकतो म्हणून. वेष्टनावर १, २, ३ लिहिलेलं असतं. टोक वर ठेवून १ ची पट्टी खाली ओढा आणि मागच्या बाजूने पूर्ण बाहेर काढा. अर्ध्यात तोडली की काम बिघडलं. मग २ चा कोपरा बाजूला सरळ खेचा, शेवटी ३ चा. भात आणि शेवाळाच्या मध्ये प्लास्टिकचा पडदा असतो, कागद कुरकुरीत राहावा म्हणून. तो दोन्ही बाजूंनी सरकून निघतो. आधी २ किंवा ३ ओढलं तर शेवाळ त्याच्याबरोबर फाटून जातं. ओढताना भात दाबून धरू नका.

१७. कुठून सुरुवात करू?

तुमच्या वयाने ठरवा. कॉलेज आणि एकत्र राहणं: 'एज ऑफ यूथ' (२०१६, १२ भाग), पाच मुली एका घरात. पहिली नोकरी: 'मीसेंग', आणि तिचे पहिले दोन भाग संथ वाटले तरी सोडू नका. शाळा आणि स्वप्नं: 'ट्वेंटी-फाइव ट्वेंटी-वन' (२०२२), पण ती १९९७ च्या आर्थिक संकटाची गोष्ट आहे हे माहीत असावं. नोव्हेंबर १९९७ मध्ये सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरले, कंपन्या कोसळल्या, लोकांनी घरातलं सोनं देशाला दिलं. नायकाचं घर का उठलं ते त्यात आहे. तिशीच्या उंबरठ्यावर असाल आणि थकला असाल तर 'माय लिबरेशन नोट्स', पण एका दिवसात दोन भागांपेक्षा जास्त नको.

१८. मालिका बघून शिकलेली वाक्यं कोरियन माणसाशी बोलली तर चालतील का?

रांजणगाव-तळेगावच्या कोरियन कंपन्यांत काम करणाऱ्यांकडून हा प्रश्न विशेष येतो. थेट उत्तर: तशीच बोलू नका. मालिकेत सर्वांत जास्त ऐकू येतं ते मित्रांचं आणि प्रेमिकांचं बानमल (प्र. ५). 'ग्वेन्चाना?' म्हणजे 'ठीक आहेस का रे?', तेच साहेबांना विचारायचं तर 'ग्वेन्चानासेयो?'. वरिष्ठाला नावाने हाक मारायची नसते, आडनाव, पद आणि 'निम' असा क्रम: 'किम बूजांगनिम'. 'शी' हा प्रत्यय आदराचा असला तरी तो बरोबरीच्यासाठी किंवा खालच्यासाठी, वरिष्ठाला 'किम शी' म्हटलं तर अपमान होतो. आणि पुरुष सहकाऱ्याला 'ओप्पा' अजिबात नको, तो कितीही हसून बोलत असला तरी.